चांगल्यातली केबल

अंबिकानं माझ्या डोळ्यांदेखत जनीच्या हातावर फाडकन मारलं. जनी पहिलीतली, शाळेत येऊन तिला महिनाही झाला नव्हता. तिनं आधी एवढंसं तोंड करून माझ्याकडे पाहिलं आणि मग भोकाड पसरलं. बहिरी मुलं रडताना आवाज करत नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. त्यांनी एकदा आमच्या शाळेत येऊन ऐकावं.

"पाहिलंत ना बाई?" कुलथे सर म्हणाले. ते संगणक शिकवायचे. "रोज हेच चाललंय. मोठ्या मुलांनी लहानांना शेजारी घेऊन बसायचं, शिकवायचं, अशी आपली पद्धत. आणि ही शिकवतेय काय, तर थपडा. स्वतः तरी धड करते का? एका हातानं टाइप करते. दुसरा हात त्या डब्यावर ठेवून बसते, पाटलिणीसारखी!"

मी अंबिकासमोर उकिडवी बसले. ती चौथीत होती. अंगानं काटकुळी, पण डोळे असे, की तिच्याशी बोलताना आपणच चाचपडावं. मी हातांनी विचारलं, "का मारलंस?"

तिनं उजव्या हाताची बोटं वाकवून डाव्या हाताच्या पाठीवर कचकन रोवली. आमच्याकडे ही खूण कुत्र्यासाठी वापरतात, डासासाठी वापरतात. चावतं. मग तिनं संगणकाच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"डबा चावतो?"

"चावतो. कधी कधी."

कुलथे सरांनी डब्यावर पंजा ठेवला, चांगला थोपटला. मीही ठेवला. काही नाही. डबा बिचारा गार आणि गप्प होता. अंबिकानं आमच्या हातांकडे पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि हात मागे बांधून घेतले. आमच्या मुलांनी हात मागे बांधले की समजायचं, आता ती बोलणार नाहीत.

ही पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावी आमची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा होती. एका दात्यानं संगणक दिले, म्हणून अंगणापलीकडे नवी इमारत उभी राहिली आणि अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. संगणकांची हळदकुंकू लावून पूजा झाली, नारळ फुटला, आणि त्या दिवसापासून त्या खोलीला देवघराची कळा आली. मुलांनी नळावर पाय धुवायचे, चपला बाहेर काढायच्या, मगच आत. आम्हा शिक्षकांसाठी आत वापरायच्या रबरी सपाता वेगळ्या ठेवलेल्या. माझ्या टाचा दुखायच्या, त्यामुळे सपातांची ही सोय मला फार आवडली होती.

दुपारी मुख्याध्यापक धारासुरकर सरांनी मला बोलावून घेतलं.

"मुळावेकर बाई, तुमची ती अंबिका. तिसरी तक्रार आहे. पहिलीच्या तीन मुलांनी संगणकाच्या तासाला जायचंच सोडलंय. दाराशी नेलं की रडतात."

"सर, ती म्हणते डबा चावतो."

"तुम्ही हात लावलात?"

"लावला."

"चावला?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मग झालं तर. लहान लेकरांवर हात टाकणारी मुलगी मी वसतिगृहात ठेवू शकत नाही. उद्या कुणाचा डोळा गेला तर? शनिवारी तिच्या वडिलांना बोलावलंय. घेऊन जातील."

धारासुरकर सर दुष्ट नव्हते. शंभरावर मुलांची जबाबदारी डोक्यावर असलेला माणूस जसा वागेल, तसे ते वागत होते. पण अंबिका घरी जाणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. ती आमच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला एकही शब्द येत नव्हता, ना तोंडाचा ना हाताचा. पहिली खूण ती शिकली 'पाणी'. त्या दिवशी ती नळाशी, माठाशी, डबक्याशी जाऊन तीच खूण करत सुटली होती, वेड लागल्यासारखी. आता ती गोष्टी सांगायची, चहाड्या करायची, माझ्या हनुवटीवरच्या तिळावरून मला ठेवलेल्या नावानं मला दुरून हाक मारायची. घरी गेली, तर हे सगळं बोलायचं कुणाशी? तिच्या गावात खुणा येणारं दुसरं कुणीही नव्हतं.

आणि यात माझी आणखी एक पंचाईत होती. त्या खोलीतली सगळी केबल माझ्या नवऱ्यानं टाकलेली होती.

आमचे हे म्हणजे गजेंद्र मुळावेकर. ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, तेव्हा घरी बसून भिंती न्याहाळण्यापेक्षा बरं म्हणून नेटवर्किंगचं शिकून आले आणि धंदा सुरू केला. शाळेचं काम हे पहिलं मोठं काम. इंटरनेटची पेटी जुन्या इमारतीत ऑफिसात, संगणक नव्या इमारतीत, मधे अंगण. एवढीशी गोष्ट, पण यांनी महिनाभर डोकं खाल्लं. जेवणाच्या टेबलावर वरणाच्या पातेल्याशेजारी केबलचे तुकडे मांडलेले असायचे.

"हे बघ, कालिंदी. ही साधी. हिला पाच नंबर म्हण." एक मऊ राखाडी तुकडा माझ्या हातात द्यायचे. "आत चार जोड्या. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा. का सांग?"

"मला पोळ्या करायच्यात."

"एका जोडीचं बोलणं शेजारच्या जोडीनं ऐकू नये म्हणून. ही दुसरी, सहा नंबर. हिच्या पोटात प्लास्टिकचा कणा आहे, जोड्या आणखी दूर राहतात. वेग जास्त. आणि ही बघ, ही फसवी." मग ब्लेडनं तार खरवडायचे. वरून तांबूस तार आतून पांढरी निघायची. "ॲल्युमिनियम. वरून तांब्याचा मुलामा. बाजारात हीच जास्त खपते. चार उन्हाळे गेले की बसली बोंबलत. तांबं म्हणजे तांबं असावं."

"मग सहा नंबरची तांब्याची घ्या आणि संपवा."

"थांब." आणि मग, लग्नात नवरी दाखवावी तसा तो शेवटचा तुकडा काढायचे. जाडजूड, आत चांदीच्या वर्खासारखा कागद गुंडाळलेला, टोकाला पत्र्याची पिन. "हिला कवच आहे. अंगणात विजेच्या तारा जवळून जातात, तर बाहेरची कुरकुर आत शिरू नये. पुण्याहून मागवली. माझ्याकडून शाळेला. लेकरांच्या शाळेत हलकं काही नको."

आम्हाला मूलबाळ नव्हतं. यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, मीही नाही. पण त्या केबलवरून हात फिरवताना यांचा चेहरा पाहिला आणि मी पोळ्या करायला निघून गेले.

त्या दिवशी संध्याकाळी मी यांना सांगितलं, अंबिका म्हणते डबा चावतो.

हे चहा पीत होते. कप खाली ठेवला. "कोण अंबिका?"

"चौथीतली. तुमच्या मागे मागे फिरायची काम चाललं होतं तेव्हा. तिनंच तुमचं नाव ठेवलं ना, दोन बोटं पिळून."

"हां, ती." क्षणभर हसले, मग हसू गेलं. "चावतो म्हणजे? शॉक? अगं, त्या केबलमधून जातं ते इतकं किरकोळ असतं की जिभेला लावलं तरी कळणार नाही. त्यातून शॉक बसणं शक्यच नाही."

"मग दुसरं काही असेल."

"दुसरं म्हणजे माझं कामच ना? तिथं माझ्याशिवाय कुणी हात लावलाय?"

"मी तुमच्या कामाला नावं ठेवत नाहीये. तिला शनिवारी घरी धाडतायत. एकदा येऊन बघा, एवढंच म्हणते."

"बघतो की. शंभरदा बघतो." पण आवाज दुखावलेला होता, आणि रात्री पाठ करून झोपले.

शुक्रवारी हे आले ते पूर्ण जामानिम्यानिशी. हातात मीटर, खिशात टेस्टर, पायात कामाचे जाड तळाचे बूट. कुलथे सर म्हणाले, तुम्ही कशाला काढता बूट, तुम्ही कामाचे. हे बोर्डामागून बोर्ड तपासत गेले. केबलची टोकं काढून पाहिली, पुन्हा लावली. प्रत्येक डब्यावर टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा एकदाही लागला नाही. धारासुरकर सर दारात उभे राहून बघत होते. शेवटी यांनी दोन्ही तळहात एका डब्यावर ठेवले आणि तसेच उभे राहिले, कोर्टात शपथ घ्यावी तसे.

"काही नाही, सर. केबल एकदम ओके."

अंबिका माझ्याजवळ उभी होती. तिनं यांच्याकडे बघून पुन्हा ती खूण केली. चावतं. कधी कधी.

"काय म्हणते?" यांनी मला विचारलं.

"म्हणते, कधी कधी चावतं."

"कधी कधी!" हे हसले. चांगलं हसू नव्हतं ते. "कालिंदी, वायरमधे कधी कधी असं नसतं. एक तर आहे, नाही तर नाही. मुलगी खोटं बोलते. मारल्याचा ओरडा बसू नये म्हणून."

यांच्या ओठांवरून अंबिकाला किती कळलं कोण जाणे. पण चेहरा वाचण्यात आमची मुलं आपल्यापेक्षा कितीतरी पुढे असतात. तिनं हात मागे बांधून घेतले.

फाटकापर्यंत मी यांच्याबरोबर गेले. हे गाडीला किक मारत होते तेव्हा म्हणाले, "मी या मुलांबरोबर वीस वर्षं काढली. ती खोड्या करतात, चोरून गूळ खातात. पण ज्या मुलानं सात वर्षांनी पहिला शब्द मिळवला, ते मूल तो शब्द असा उगाच नाही वापरत."

"म्हणजे मी खोटा."

"तुम्ही खोटे असं म्हटलं का मी?"

"दुसरा अर्थ काय होतो?" गाडी सुरू करून निघून गेले. मला राग यांचा येत होता की माझा, हे मला धड कळत नव्हतं. मीसुद्धा डब्याला हात लावलाच होता की, आणि मलाही काही लागलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अंबिकाचे वडील आले. लिंबाजी नाव, पूर्णेला दुसऱ्याच्या सलूनमध्ये कामाला. आल्या आल्या धारासुरकर सरांच्या पाया पडायला वाकले. सरांनी अर्ध्यावर धरलं. मग त्यांना माझ्यापाशी व्हरांड्यात बसवलं, तोवर वसतिगृहाच्या पंचफुलामावशी अंबिकाची पेटी भरायला गेल्या.

"घरी काय करेल ती?" मी विचारलं.

"काय करंल बाई. धाकट्याला सांभाळंल. आई कामावर जाती." लिंबाजी टोपी हातात घेऊन तिच्या कडा दुमडत होते. "आमाला तिचं काई कळत नाई, ह्येच वंगाळ. ल्हान होती तवा कान फुटला होता तिचा. रातभर रडायची. आमी समजायचो भूक लागली, का नजर लागली. आठ दिस मीठमोहऱ्या उतरल्या. कानातनं पू आला तवा समजलं. लेकरू सांगणार कसं?"

तेवढ्यात पंचफुलामावशी धापा टाकत आल्या.

"बाई, अंबी खोलीत नाई! पेटी तशीच उघडी हाय. समदीकडं बगितलं, संडासात बगितलं. मोटार चालू करून आले, शनवारचं डोकं धुवायचं पानी भरायला, तेवढ्यात कुटं गेली कुनास ठाव."

मी उठले आणि सरळ नव्या इमारतीकडे धावले. का, ते सांगता येणार नाही. दारातून दिसली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. अंबिका अनवाणी, एका डब्यापासून दुसऱ्या डब्याकडे जात होती. प्रत्येक डब्याला ती हाताची पाठ लावायची. हात झटकन मागे यायचा, खांदा उडायचा, तोंड वेडंवाकडं व्हायचं. मग पुढचा डबा. पुन्हा तेच.

मला सपाता घालायचं भान राहिलं नाही. चप्पल दारात भिरकावून मी तशीच आत धावले, तिला मागून धरलं आणि तोल सावरायला डब्यावर हात टेकला.

चावला.

मनगटापासून कोपरापर्यंत कुणी तरी आतून तार ओढल्यासारखं झालं. मी किंचाळले. अंबिकाला किंकाळी ऐकू आली नाही, पण तिनं माझा चेहरा पाहिला आणि दोन्ही हातांनी मला डब्यापासून लांब ढकललं. मग माझ्याकडे पाहत तिनं अगदी सावकाश, बालवाडीतल्या मुलाला शिकवावी तशी ती खूण केली. चावतं.

"हो," मी हातांनी म्हणाले. "चावतं. खरं आहे."

मी माझ्या ओल्या पायांकडे पाहिलं, दाराजवळच्या सपातांकडे पाहिलं, आणि मला रडूच कोसळलं.

ऑफिसातून फोन केला, हे दहाव्या मिनिटाला आले. अंगावर घरचा लेंगा, पायात मात्र सवयीनं तेच बूट. "काय झालं?" म्हणाले. मी नुसतं खाली बोट दाखवलं.

"बूट काढा."

"अगं पण..."

"अहो, बूट काढा. मोजेही."

माझ्या बोलण्यात काही तरी असलं पाहिजे, कारण यांनी वाद घातला नाही. धारासुरकर सर, कुलथे सर, लिंबाजी, सगळे दारात गोळा झाले होते. हे ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले, आणि अंबिकानं पुढे होऊन यांचा हात उलटा केला. तळवा नाही, पाठ. तिनं दाखवलं तसा यांनी डब्याला लावला.

यांचा हात उडाला. मी यांना इतकं पांढरंफटक पडलेलं कधी पाहिलं नव्हतं, कारखाना बंद झाला त्या दिवशीसुद्धा नाही.

पण माणूस कामाचा. दुसऱ्या क्षणी मान वर करून ऐकायला लागले. "हा आवाज कसला?"

"मोटार हाय बोअरची," पंचफुलामावशी म्हणाल्या.

"बंद करा."

मोटार थांबली. यांनी परत हात लावला. काही नाही. "चालू करा." पुन्हा हात उडाला. यांनी डोळे मिटून घेतले. काल हे तपासायला आले होते तेव्हा टाकी भरलेली होती, मोटार बंद होती. त्यात पायात बूट. दिवा लागणार कुठून!

मोटार बंद करवून, दोन्ही इमारतींचा मेन स्विच पाडून हे जुन्या इमारतीकडे गेले. आम्ही मागे. अंगणात एका जागी थांबून यांनी पंचफुलामावशींना विचारलं, "अर्थिंगचा खड्डा होता ना इथं? उन्हाळ्यात तुम्ही पाणी घालायचात त्यात."

"व्हय की. फरश्या बसल्या तवा बुजला. आता कुटं घालू पानी?"

हे तिथंच उकिडवे बसले. मग जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण यांनी ते धारासुरकर सरांना नाही, लिंबाजींना सांगितलं.

"मोटारीत दोष झालाय, वीज तिच्या अंगावर उतरते. ती जमिनीत जावी म्हणून हा खड्डा असतो. मीठ-कोळसा घालून, ओला ठेवून. तो सुकला. मग विजेनं दुसरी वाट शोधली. या जुन्या इमारतीचं सगळं लोखंड, ऑफिसातली पेटी, आणि पेटीतून माझी केबल. नव्या खोलीत अर्थिंगची तार बोर्डापर्यंत आलेलीच नाही, तेव्हा तिथंही तिला खाली जायला वाट नाही. मूल ओल्या पायांनी डब्याला शिवलं की तीच तिची वाट."

"पण त्या केबलला तर कवच होतं," कुलथे सर म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं, चांगल्यातली म्हणून."

"कवचावरूनच आली, सर. त्या चांदीवरून. साधी प्लास्टिकची केबल टाकली असती, तर दोन्ही इमारतींमधे पत्र्याला पत्रा लागलाच नसता. तिकडचं तिकडेच राहिलं असतं. दोन इमारतींच्या मधे हे कवच टाकताना आधी दोन्हीकडचं अर्थिंग बघायचं असतं. मी केबल बघितली. जमीन बघितली नाही."

लिंबाजींनी विचारलं, "लेकरू मेलं असतं का साहेब?"

हे खोटं बोलले असते तर मी त्या वेळी यांना माफ केलं असतं. "असतं," हे म्हणाले. "मोटार अजून थोडी बिघडली असती तर कुठलंही मेलं असतं."

मग उठले, पिशवीतून कटर काढलं आणि केबल आधी ऑफिसाकडून तोडली, मग नव्या इमारतीकडून. पुण्याहून मागवलेली, महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलेली ती केबल. दोन्ही टोकांना तो वर्ख लोंबत राहिला. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला. यांनी तो झटकला नाही.

धारासुरकर सर पुढे झाले. मघा हे येईतो मावशींनी पेटी भरून लिंबाजींच्या हाती दिली होती; ती सरांनी स्वतः घेतली आणि पंचफुलामावशींकडे परत दिली. "हिच्या कॉटखाली ठेवा," म्हणाले. मग अंबिकाकडे वळले, पण काय खूण करावी हे सुचेना, म्हणून नुसतेच तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

सगळे पांगल्यावर हे खोलीच्या पायरीवर बसले, अजून अनवाणीच. अंबिका समोर उभी होती. यांनी मला विचारलं, "चुकलं असं कसं म्हणायचं?" मी दाखवलं. यांनी केलं. हात अवघडलेले, खूण अर्धीमुर्धी. अंबिकानं यांची बोटं धरून ती नीट केली, मग मान हलवली.

"तिला एक विचार," हे म्हणाले. "चावतं हे माहीत होतं, तर रोज सबंध तास एक हात डब्यावर का ठेवून बसायची? स्वतः लांब राहायचं ना. कुणी जबरदस्ती केली होती का?"

मी विचारलं. मला वाटत होतं, खोडी असेल, धीटपणा दाखवायचा असेल. अंबिका मला अशी न्याहाळत राहिली, जणू एवढं साधं मला कळत कसं नाही. मग तिचे हात चालू झाले.

"कधी चावेल ते कळत नाही. हात ठेवला की आधी मला चावतं. मग मी जनीचा हात उडवते."

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी शब्दन् शब्द सांगितला. यांनी मान खाली घातली.

"पण तिला सांगायचं, हात लावू नकोस म्हणून," मी अंबिकाला म्हणाले. "मारायचं कशाला?"

"जनी नवीन आहे. तिला अजून एकही खूण येत नाही. मी सांगितलं तरी तिला कळत नाही. तिला चावलं तर ती कुणाला सांगणार?" मग अंबिकानं हात स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि अगदी सहज, त्यात काही विशेष नसल्यासारखं म्हणाली, "म्हणून मला चावू दे. मला सांगता येतं."

"काय म्हणाली?" यांनी विचारलं. "कालिंदी, काय म्हणाली ती?"

मला सांगता आलं नाही.